आर्द्रताशोषक म्हणजे नेमके काय? समानार्थी शब्द, रोजचा वापर आणि नाशिकच्या हवेतले व्यवहार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आर्द्रताशोषक हे विशेषण कोणत्या पदार्थाला लावायचे?

जो पदार्थ हवेतली पाण्याची वाफ स्वतःकडे ओढून धरून ठेवतो, त्याला. मीठ, गूळ, मध, युरिया, रेशीम, कागद, लाकूड, नायलॉनचा दाणा, गाडीचे ब्रेक ऑइल हे सगळे या यादीत बसतात. पाणी अंगावर सांडावे लागत नाही, ओली हवा पुरते. म्हणून पोते फाटलेले नसते, छप्पर गळत नसते, तरी श्रावणात खताचा दगड होतो.

इथे ‘आर्द्रता’ हा शब्द महत्त्वाचा आहे. पंचाने सांडलेले पाणी टिपले, तर पंचा शोषक ठरतो. तोच पंचा पावसाळ्यात दोरीवर वाळत घातलेला असताना हवेमुळे दमट राहिला, तर तो आर्द्रताशोषक ठरतो. एकाच वस्तूत दोन्ही गुण असू शकतात, पण त्या दोन वेगळ्या क्रिया आहेत.

याला समानार्थी शब्द कोणते?

जलाकर्षक, आर्द्रताग्राही, आर्द्रताशोषी, बाष्पशोषक हे लेखनात सापडतात. ‘जलशोषक’ही वापरतात, पण त्यातून द्रव पाणी पिणारा असा अर्थ निघू शकतो. ‘हायग्रोस्कोपिक’ हा शब्द देवनागरीत जसाच्या तसाही चालतो. कारखान्यात आणि खतांच्या दुकानात बहुधा तोच ऐकू येतो.

आमचा सल्ला असा: शाळा-कॉलेजच्या उत्तरात ‘आर्द्रताशोषक’ लिहा, गुणाचे नाव सांगायचे असेल तर ‘आर्द्रताशोषकता’ लिहा. घरात, शेतात आणि दुकानात मात्र क्रियापद वापरा, कारण नेमकेपणा तिथेच सापडतो.

नुसते ‘शोषक’ लिहिताना जपा. ‘शोषक वर्ग’ आणि ‘शोषित वर्ग’ या जोडीमुळे त्या शब्दाला पिळवणुकीचा अर्थ चिकटला आहे. ‘शोषक कापूस’, ‘शोषक कागद’ असे नामासकट लिहिले की गोंधळ होत नाही.

बोलण्यातली कोणती क्रियापदे याच गुणाबद्दल आहेत?

पुष्कळ आहेत, आणि प्रत्येकाची जागा ठरलेली आहे.

चिवडा, पापड, बिस्किटे, काडेपेटी, फटाके सादळतात. वस्तू भिजलेली नसते, पण तिचा कुरकुरीतपणा किंवा पेट घेण्याचा गुण गेलेला असतो. मिठाला आणि गुळाला पाणी सुटते. गूळ पाघळतो असेही म्हणतात, मात्र ते उष्णतेनेही होते, म्हणून कारण पाहून शब्द निवडा. लाकडी दार फुगते. कपडे आणि गाद्या दमट लागतात. भिंत ओल धरते. खताचे खडे होतात, सिमेंटच्या गाठी होतात.

‘टिपणे’, ‘जिरणे’ आणि ‘मुरणे’ वेगळे. टिपकागद शाई टिपतो, पाणी जमिनीत जिरते, लोणच्यात मीठ मुरते. या तिन्हींत द्रव आत जातो, हवेतल्या वाफेचा संबंध नाही. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ या घोषणेत ‘शोषवा’ असा शब्द कुणी घालत नाही, ते योग्यच आहे.

‘चिघळणारा’ पदार्थ म्हणजे जखमेसारखा का?

नाही. रसायनशास्त्राच्या मराठीत चिघळणे म्हणजे हवेतली आर्द्रता इतकी ओढून घेणे की पदार्थ स्वतःच त्या पाण्यात विरघळून जातो. कॅल्शियम क्लोराइडचे खडे बशीत उघडे ठेवा, पावसाळ्यात काही तासांत ओले होतात आणि पुढे बशीत नुसते पाणी दिसते. प्रत्येक चिघळणारा पदार्थ आर्द्रताशोषक असतोच, पण प्रत्येक आर्द्रताशोषक पदार्थ चिघळत नाही. रेशीम आणि लाकूड कितीही दमट झाले तरी विरघळत नाहीत.

उलट क्रियाही आहे. धुण्याच्या सोड्याचे स्फटिक कोरड्या हवेत आपले पाणी सोडून देतात आणि पांढरी भुकटी होतात.

शोषण आणि अधिशोषण यांत फरक काय?

शोषणात पाणी पदार्थाच्या आत सगळीकडे पसरते, अधिशोषणात ते पृष्ठभागाला चिकटून राहते. अधिशोषणाला पृष्ठशोषण असेही नाव आहे, आणि ते जास्त बोलके आहे. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातला नारळाच्या करवंटीचा सक्रिय कोळसा वास आणि क्लोरीन असाच पृष्ठभागावर धरतो. बुटांच्या खोक्यात येणारी सिलिका जेलची पुडीही हेच करते. तिच्या दाण्यात सूक्ष्म छिद्रे इतकी असतात की एकेका ग्रॅमला शेकडो चौरस मीटर पृष्ठभाग मिळतो. त्यामुळे काटेकोर बोलायचे तर सिलिका जेल अधिशोषक आहे. तरी रोजच्या बोलण्यात तिला आर्द्रताशोषक म्हटले तर चूक धरू नये.

कापूस आर्द्रताशोषक आहे, मग सरकी काढलेला कच्चा कापूस पाण्यावर तरंगतो कसा?

दोन क्रिया वेगळ्या आहेत हे दाखवणारे याहून चांगले उदाहरण नाही. कच्च्या कापसाच्या तंतूवर मेणाचा पातळ थर असतो. हवेतली वाफ त्यातून आत जाते, पण द्रव पाणी त्या मेणावरून घसरते. दवाखान्यातला शोषक कापूस अल्कलीत उकळून आणि विरंजन करून तयार केलेला असतो. त्यात मेण उरत नाही, म्हणून तो पाण्यात टाकताच बुडतो. नवा टॉवेल पहिल्या दोन-तीन धुण्यांपर्यंत अंग नीट पुसत नाही, त्याचे कारणही तंतूंवरचा लेपच असतो. कपडे मऊ करणारे द्रव वारंवार वापरले तरी तोच त्रास परत येतो.

मिठाला पावसाळ्यातच पाणी का सुटते?

प्रत्येक विद्राव्य पदार्थाची हवेतल्या आर्द्रतेची एक मर्यादा ठरलेली असते. हवा त्याहून कोरडी असेल तर तो कोरडा राहतो, त्याहून दमट झाली की पाणी ओढू लागतो. शुद्ध मिठाची ही मर्यादा सुमारे 75 टक्के सापेक्ष आर्द्रता आहे. नाशिकमध्ये एप्रिलच्या दुपारी हवा याच्या फार खाली असते, जुलै-ऑगस्टच्या सकाळी वर असते. इगतपुरी आणि त्र्यंबकेश्वरकडे तर पावसाळ्यात दिवसभर वरच राहते. म्हणूनच एकाच दुकानातून घेतलेले मीठ कोरड्या हवेच्या येवल्यात सुटे राहते आणि इगतपुरीजवळच्या घोटीत ओले होते.

खडे मीठ बारीक मिठापेक्षा लवकर ओले होते, कारण त्यात मॅग्नेशियम क्लोराइड जास्त असते आणि त्याची मर्यादा अवघी 33 टक्क्यांच्या आसपास आहे. बारीक मिठात दाणे सुटे ठेवणारा घटक टाकलेला असतो. पिशवीवर 536 किंवा 551 असा क्रमांक दिसला तर तो त्याचाच. मिठाच्या बरणीत तांदूळ घालायचे असतील तर आधी कोरडे भाजून, गार करून घाला. न भाजलेल्या तांदळात आधीच 12-13 टक्के पाणी असते, तो आणखी किती ओढणार?

सादळलेला चिवडा परत कुरकुरीत होतो का?

होतो, फक्त सादळलेला असेल तर. तळलेल्या किंवा भाजलेल्या पोह्यात पाणी फार थोडे उरते, आणि त्यात जरा भर पडली तरी ते मऊ पडतात. पसरट कढईत मंद आचेवर पाच-सात मिनिटे सतत हलवत गरम करा. मग परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्या आणि नंतरच डब्यात भरा. घाई इथेच नडते. कोमट चिवडा डब्यात बंद केला की त्याची वाफ झाकणाला लागते, पाणी होऊन खाली उतरते, आणि दुसऱ्या दिवशी तो पहिल्यापेक्षा जास्त मऊ असतो.

चिवडा खवट झाला असेल तर भाजून उपयोग नाही. खवटपणा तेलाचा, शेंगदाण्याचा आणि खोबऱ्याचा असतो. तो हवेतल्या ऑक्सिजनमुळे येतो, आर्द्रतेमुळे नव्हे. ‘चिवडा सादळला’ आणि ‘चिवडा खवटला’ या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. दुकानदाराला सांगताना योग्य शब्द वापरा, म्हणजे त्याला डबा बदलायचा की तेल हे कळेल.

ठिबकमधून द्यायचे कॅल्शियम नायट्रेट पोत्यातच पातळ झाले. फेकायचे का?

फेकू नका. हा प्रश्न दिंडोरी, निफाड, चांदवड भागातल्या द्राक्ष बागायतदारांना दर हंगामात पडतो, म्हणून सविस्तर सांगतो.

कॅल्शियम नायट्रेटची आर्द्रतेची मर्यादा 30 अंश सेल्सिअसला 47 टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणजे ऑक्टोबर छाटणीच्या काळातली साधी हवाही त्याला पुरते. युरियाची मर्यादा 72 ते 75 टक्के, पोटॅशियम नायट्रेट म्हणजे 13:0:45 ची सुमारे 90, आणि पोटॅशियम सल्फेट म्हणजे 0:0:50 ची त्याहूनही वर. हा क्रम लक्षात ठेवला की कोणते पोते आधी संपवायचे ते आपोआप कळते.

ओल्या खतातले अन्नद्रव्य नाहीसे होत नाही. नडते ते मापात. ओले खत तोलले की त्यात ओढलेले पाणीही तोलले जाते आणि वेलीला मात्रा कमी पडते. यावर उपाय आहे. पोत्यातून काहीही गळून गेले नसेल आणि पोते आधी वापरलेले नसेल, तर 25 किलोचे सगळे पोते 200 लिटरच्या पिंपात रिकामे करा, पोते आतून धुऊन तेही पाणी त्यात घाला, खत विरघळवा आणि 100 लिटरच्या खुणेपर्यंत पाणी भरा. आता त्या द्रावणाच्या दर 4 लिटरमध्ये बरोबर 1 किलो खत आहे. मूळ पोते कितीही ओले असले तरी हा हिशेब बदलत नाही. पिंपाला झाकण लावा आणि त्यात फॉस्फेटची किंवा सल्फेटची खते मिसळू नका. नाही तर कॅल्शियमचा साका बसतो आणि ड्रिपर बंद पडतात.

साठवताना तीन चुका वारंवार होतात. पहिली, पोती थेट कोब्यावर रचणे. खाली लाकडी फळ्या हव्यात. दुसरी, उघडलेले पोते नुसते मुरगाळून ठेवणे. आतली हवा दाबून काढा, सुतळीने घट्ट बांधा आणि झाकणाच्या डब्यात ठेवा. तिसरी सर्वांत महागाची: युरिया आणि कॅल्शियम नायट्रेट कोरडेच एकत्र करून ठेवणे. दोन क्षार मिसळले की मिश्रणाची मर्यादा दोघांपेक्षा खाली येते. युरिया आणि अमोनियम नायट्रेटच्या मिश्रणात तर ती 18 टक्क्यांपर्यंत उतरते, म्हणजे भर उन्हाळ्यातही ते ओले होईल. युरिया आणि सुपर फॉस्फेट एकत्र ठेवले तर पाणी हवेतून यायचीही गरज नसते. फॉस्फेटच्या स्फटिकात बांधलेले पाणी सुटते आणि लगदा होतो. मिसळायचेच असेल तर टाकण्याच्या वेळी मिसळा.

युरियाचे नुसते खडे झाले असतील तर फोडून वापरा. त्यातला नत्र कुठे गेलेला नाही.

बेदाण्यासाठी द्राक्षे सुकवण्याआधी ज्यात बुडवतात ते डिपिंगचे द्रावण नेहमीच्या मापाने केले, तरी मणी उशिरा सुकले. असे का?

पोटॅशियम कार्बोनेटचे पोते पाहा. नेहमीचे प्रमाण 100 लिटर पाण्याला 2.5 किलो पोटॅशियम कार्बोनेट आणि 1.5 लिटर डिपिंग ऑइल असे आहे. या द्रावणाने मण्यावरच्या मेणाच्या थरात वाट होते आणि आतले पाणी लवकर बाहेर पडते. पण पोटॅशियम कार्बोनेट स्वतः चिघळणारे आहे. उघड्या पोत्यातल्या पावडरीच्या वजनात 20 टक्के ओढलेले पाणी असेल, तर तोललेल्या 2.5 किलोत खरे रसायन 2 किलोच असते. द्रावण कमजोर पडते, शेडमधले दिवस वाढतात, आणि जितके दिवस जास्त तितका बेदाणा काळपट. पावडर हाताला चिकटत असेल किंवा गोळे झाले असतील तर ते पोते डिपिंगसाठी घेऊ नका.

तयार बेदाणा पुन्हा हवेतून पाणी घेतो. साखर भरपूर असल्यामुळे तो लवकर चिकट होतो. 15 टक्क्यांच्या आसपास ओलावा असताना हवाबंद पिशवीत भरून शीतगृहात ठेवला तर रंग टिकतो.

द्राक्षाच्या निर्यातीच्या पेटीतला पॅडही आर्द्रताशोषक असतो का?

तो आर्द्रतेवर चालतो असे म्हणा. त्यात सोडियम मेटाबायसल्फाइट असते. पेटीतला ओलावा त्याच्यापर्यंत पोचला की सल्फर डायऑक्साइड सुटतो आणि बुरशी थांबते. म्हणून घड आधी 4 अंशांपर्यंत पूर्वशीतन करून घेतात आणि मगच पॅड ठेवून पिशवी बंद करतात. गरम घडावर पॅड ठेवला तर पिशवीत पाणी साचते, वायू एकदम सुटतो, आणि मणी देठाजवळ पांढरे पडतात.

कांद्याला हा शब्द लागू होतो का?

सुक्या कांद्याच्या चुऱ्याला आणि पावडरीला होतो, अगदी जोरात. डब्याचे झाकण अर्धा तास उघडे राहिले तरी पावडरीची ढेप बनते. चाळीतल्या अख्ख्या कांद्याला मात्र ‘आर्द्रताशोषक’ म्हणू नये. तिथे प्रश्न हवा खेळण्याचा आहे. 65 ते 70 टक्के आर्द्रता चांगली, त्यावर कोंब आणि सड वाढते, खूप खाली गेली तर वजन घटते.

कांद्याचे बी हा खरा जपण्याचा माल आहे. ते हवेतून पाणी घेते आणि त्याची उगवण झपाट्याने उतरते. बियाण्यांचा सर्वसाधारण नियम असा की 5 ते 14 टक्के ओलाव्याच्या दरम्यान दर 1 टक्का कमी झाला की आयुष्य साधारण दुप्पट होते. घरचे बी सावलीत नीट सुकवा, घट्ट झाकणाच्या बरणीत भरा आणि सिलिका जेलची पुडी बियांना थेट न लागता कापडात बांधून ठेवा.

निळी सिलिका जेल गुलाबी झाली. पुन्हा वापरता येते का?

येते. दमट हवेत ती आपल्या वजनाच्या 30 टक्क्यांहून अधिक पाणी धरते, आणि गुलाबी रंग म्हणजे ती भरली. 120 अंशांवर दोन-एक तास तापवली की पुन्हा निळी होते. मात्र निळ्या रंगासाठी कोबाल्ट क्लोराइड वापरलेले असते आणि ते अपायकारक आहे, म्हणून स्वयंपाकाच्या भांड्यात किंवा ओव्हनमध्ये तापवू नका. खाद्यपदार्थाजवळ रंगहीन पुडीच ठेवा.

कपाटात टांगायच्या ओल खाणाऱ्या डब्यात बहुधा कॅल्शियम क्लोराइड असते. खाली साचलेले पाणी खारट आणि दाहक असते, कपड्यांवर सांडू देऊ नका. कळीचा चुना हा तिसरा पर्याय कुणी सुचवतो. पाण्याशी गाठ पडली की तो भयंकर तापतो, घरात नकोच.

पैठणी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नये असे का सांगतात?

रेशीम सर्वसाधारण हवेत वजनाच्या सुमारे 11 टक्के पाणी धरून असते, तरी हाताला कोरडे लागते. सुतासाठी हा आकडा 8.5, पॉलिएस्टरसाठी जेमतेम 0.4 टक्के. पावसाळ्यात घडी केलेली पैठणी बंद प्लास्टिकमध्ये गेली तर तिने ओढलेले पाणी बाहेर पडायला जागा नसते, बुरशीचे ठिपके येतात आणि जरीची तार काळवंडते. मलमलीत गुंडाळा, पावसाळा संपल्यावर सावलीत उघडून ठेवा आणि घडी बदला. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका.

ब्रेक ऑइलचा आणि हवेतल्या पाण्याचा काय संबंध?

थेट जिवाशी संबंध आहे. डॉट 3 आणि डॉट 4 प्रकारचे ब्रेक ऑइल आर्द्रताशोषक असते. डॉट 3 चा उत्कलनबिंदू नवे असताना किमान 205 अंश लागतो, 3.7 टक्के पाणी मिसळल्यावर तीच अट 140 वर येते. डॉट 4 साठी हे आकडे 230 आणि 155 आहेत. भरलेली गाडी कसारा घाट उतरताना सतत ब्रेक दाबला की ऑइल तापते, त्यातले पाणी उकळून वाफ होते, आणि वाफ दाबली जात असल्यामुळे पेडल नुसते खाली जाते.

म्हणून ऑइल दर दोन वर्षांनी बदला, गाडी कमी चालली असली तरी. अर्धा उरलेला जुना डबा पुढच्या वर्षी वापरू नका. टाकीचे झाकण गरजेपुरतेच उघडा. घाटात खालच्या गिअरमध्ये उतरा. गॅरेजमध्ये ‘फक्त वरून टाकून देतो’ असे म्हणाले तर नको म्हणा, कारण पाणी धरलेले जुने ऑइल नळ्यांत तसेच राहते.

नाशिकच्या अंबड-सातपूर भागातल्या मोल्डिंगच्या कारखान्यांत प्लास्टिकचा दाणा वितळवण्याआधी सुकवतात. सगळाच का नाही?

पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिथिलीन आर्द्रताशोषक नाहीत, त्यांच्या दाण्यावर फार तर बाहेरून दव बसते. नायलॉन, पॉलिकार्बोनेट, एबीएस आणि पेट (बाटल्यांचे प्लास्टिक, PET) हे आतपर्यंत पाणी घेतात. नायलॉन 6 साधारण 80 अंशांवर चार तास किंवा जास्त, पॉलिकार्बोनेट 120 अंशांवर तीन-चार तास सुकवावे लागते. पॉलिकार्बोनेटमध्ये ओलावा 0.02 टक्क्याच्या खाली हवा. तसे केले नाही तर वितळलेल्या मालात पाण्याची वाफ होते आणि वस्तूवर चंदेरी रेघा उमटतात. पॉलिकार्बोनेट आणि पेटमध्ये पाणी साखळ्याही तोडते. मग वस्तू दिसायला बरी असली तरी हातातून पडताच फुटते. पावसाळ्यात नायलॉन साध्या हॉपर ड्रायरने (यंत्रावरच्या दाण्याच्या टाकीत गरम हवा सोडणाऱ्या ड्रायरने) पुरेसे सुकत नाही, कारण तो बाहेरचीच दमट हवा तापवून आत सोडतो. तिथे आर्द्रता काढून घेणारा ड्रायर लागतो. सुकवलेला दाणा उघड्या हॉपरमध्ये पडू दिला तर केलेले काम वाया जाते.

वेल्डिंगच्या 7018 रॉडचेही तसेच. त्याच्या लेपाने पाणी धरले की जोडात हायड्रोजन शिरतो आणि काही तासांनी तडा जातो. 300 ते 350 अंशांवर एक-दोन तास भाजून घ्या, मग गरम डब्यातून एकेक काढून वापरा.

काळी जमीन आर्द्रताशोषक म्हणावी का?

मृदाशास्त्रात ‘आर्द्रताशोषित पाणी’ ही संज्ञा आहे, पण तिचा अर्थ वेगळ्याच दिशेचा आहे. मातीच्या कणांनी 31 वातावरणदाबापेक्षा जास्त ओढीने धरलेले पाणी म्हणजे ते. मुळांची ताकद साधारण 15 पर्यंतच पोचते, म्हणून ते पिकाच्या काही कामाचे नाही. परीक्षेत ‘पिकाला उपयुक्त’ असे लिहिले की गुण जातात. उपयुक्त असते ते केशाकर्षण पाणी, म्हणजे कणांमधल्या बारीक पोकळ्यांत धरलेले.

गोदाकाठच्या काळ्या मातीतली चिकणमाती पाणी थरांच्या मध्ये घेऊन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिला ‘फुगणारी’ किंवा ‘पाणी धरून ठेवणारी’ म्हणावे. शोषखड्डा खणताना हा फरक लगेच कळतो: मुरमाच्या जमिनीत सांडपाणी जिरते, काळ्या मातीत ती फुगून छिद्रे बंद करते आणि खड्डा तुंबतो. काळा थर ओलांडून मुरूम लागेपर्यंत खोल जाता येत असेल तरच तिथे शोषखड्डा घ्या.

भिंतीला लोणा लागला आहे. गळती नाही, तरी पावसाळ्यात ती ओली दिसते.

विटांतले आणि वाळूतले क्षार पाण्याबरोबर पृष्ठभागावर येऊन बसले की त्याला लोणा म्हणतात. त्यातले काही क्षार आर्द्रताशोषक असतात, म्हणून गळती बंद केल्यावरही दमट हवेत डाग उमटतो आणि ऊन पडले की नाहीसा होतो. असा येणारा-जाणारा डाग क्षाराचा, आणि कायम राहणारा डाग पाण्याचा, हा ढोबळ नियम चालतो. लोणा कोरड्या ब्रशने खरवडून बाहेर टाका. ओल्या फडक्याने पुसला तर क्षार विरघळून परत भिंतीत जातो. गिलावा भुसभुशीत झाला असेल तर तेवढा काढून, भिंत उन्हाळ्यात पुरती वाळू देऊन मगच नवा करा. त्याआधी जलरोधक रंग मारला तर तो पापुद्रे होऊन सुटतो.